दूधखोलीच्या कोब्याला इपॉक्सीचा लेप : घरच्या घरी कसा द्यावा?



रेडिओवर सांगितलेली मापे आणि दिवसांचे हिशेब ऐकताना लिहून घेणे सर्वांनाच जमते असे नाही. म्हणून या विषयाची सगळी माहिती या पत्रिकेत एकत्र दिली आहे. पत्रिका दूधखोलीच्या भिंतीला अडकवून ठेवा आणि कामाला लागण्यापूर्वी घरात एकदा मोठ्याने वाचून घ्या.

आपल्याकडे 1970 साली दुधाच्या महापुराची योजना सुरू झाली. पुढे गावोगाव दुधाच्या सोसायट्या निघाल्या, घरोघर संकरित गाई आल्या. पूर्वी दुधाची चरवी चुलीजवळ ठेवली जायची. आता पाच-दहा गाई असलेल्या घरी कॅन ठेवायला आणि धुवायला वेगळी खोली असते. खोली बांधताना आपण कोबा करतो, वरून सिमेंटची घोटाई करून घेतो, आणि पहिले वर्षभर तो कोबा आरशासारखा दिसतो. मग काय होतं? कॅन ठेवायच्या जागी कोबा खरखरीत लागतो. घोटाई जाते, वाळू दिसू लागते, मग खडी उघडी पडते. कितीही धुतलं तरी आंबूस वास जात नाही. आपण म्हणतो, मिस्त्रीने सिमेंट कमी घातलं. पण बहुतेक वेळा दोष मिस्त्रीचा नसतो.

कोबा का खातो?

सांडलेले दूध आंबले की त्यात लॅक्टिक आम्ल तयार होते. सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो. आम्ल आणि चुना एकत्र आले की चुना विरघळतो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो. चुना गेला की वाळूला धरून ठेवणारे काही उरत नाही. मग खळगे पडतात. खळग्यात दूध साचते, ते पुन्हा आंबते आणि खळगा आणखी खोल होतो.

यात नुकसान नुसत्या जमिनीचे नाही. त्या खळग्यांत जंतू घर करून राहतात. कॅन उचलताना, धुताना तेच पाणी उडते. सकाळचे दूध सोसायटीत पोचेपर्यंत नासले, तर आपण गाईच्या चाऱ्याला दोष देतो, आणि कारण मात्र पायाखाली असते.

"मग शहाबादी फरशी टाकली तर?" असे कोणी विचारील. शहाबादी आणि कोटा या दोन्ही फरश्या चुनखडीच्या दगडाच्या. आम्ल त्यांनाही खाते. फरशीला वेळ लागेल, पण तिच्या सांध्यातले सिमेंट आधी जाईल.

इपॉक्सी म्हणजे काय?

अ‍ॅराल्डाइट आपल्याला माहीत आहे. दोन नळ्यांतले दोन पदार्थ एकत्र कालवायचे आणि तुटलेले भांडे चिकटवायचे. जमिनीचा इपॉक्सी त्याच जातीचा. एका डब्यात राळ, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही वेगवेगळे असतात तोवर पातळ राहतात. एकत्र केले की त्यांची आपसात क्रिया होते, उष्णता निघते आणि घट्ट, गुळगुळीत, पाणी न शोषणारा थर तयार होतो. साधा तेलरंग वाऱ्याने वाळतो. इपॉक्सी वाळत नाही, तो पिकतो म्हणा ना! म्हणूनच त्याचे प्रमाण आणि वेळ पाळावी लागते.

रोज सांडणाऱ्या दुधाला आणि धुण्याच्या साबणाला हा लेप चांगला टिकतो. पण तो सगळ्याच जागी चालत नाही, हे आधी समजून घ्या.

कुठे देऊ नये?

गाई-म्हशी उभ्या राहतात त्या गोठ्यात हा लेप देऊ नका. शेण-मुताने तो निसरडा होतो. गाभण गाय घसरून पडली तर होणारे नुकसान कोब्याच्या खर्चाहून किती तरी मोठे. गोठ्यात खाचा पाडलेला कोबा किंवा रबराची चटई बरी.

उघड्यावरच्या खळ्याला किंवा अंगणालाही देऊ नका. उन्हाने इपॉक्सी पिवळा पडतो आणि त्याची पावडर सुटते.

जमीन खचल्यामुळे तडा गेला असेल आणि तो दरवर्षी वाढत असेल, तर वरून लेप देऊन उपयोग नाही. तडा वाढला की लेपही तिथेच फाटेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचे, जमिनीतून ओल वर येत असेल तर इपॉक्सीचा डबा विकतसुद्धा आणू नका.

आधी ओल तपासा

लेप फुगून निघतो तो बहुधा ओलीमुळे. कोब्याखाली मुरूम असतो, पण प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला असतोच असे नाही. पावसाळ्यात जमिनीतली ओल कोब्यातून वर चढते. उघड्या कोब्यातून ती हवेत निघून जाते, म्हणून आपल्याला कळत नाही. लेप दिला की तिची वाट बंद होते. मग ती लेपाला खालून ढकलते, फोड येतात, आणि श्रावण संपता संपता पापुद्रे हातात येतात.

परीक्षा सोपी आहे. दीड फूट लांब, दीड फूट रुंद असा जाड प्लॅस्टिकचा तुकडा कोब्यावर ठेवा. चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. निदान 16 तास, म्हणजे आज दुपारी लावून उद्या सकाळपर्यंत, तसाच राहू द्या. मग उचलून पाहा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळपट पडला, तर ओल जमिनीतून येते आहे. प्लॅस्टिकच्या वरच्या बाजूला थेंब असतील आणि आत कोरडे असेल, तर ती हवेतली दमट आहे, जमिनीची नव्हे. खोलीत अशा तीन-चार जागा तपासा. भिंतीलगतचा कोपरा आणि मोरीजवळची जागा सोडू नका.

बरं का मंडळी, ही परीक्षा फक्त मार्च महिन्यात करून समाधान मानू नका. उन्हाळ्यात सगळेच कोबे कोरडे असतात. घाई नसेल तर एकदा जुलै-ऑगस्टमध्ये तपासा आणि पुढच्या उन्हाळ्यात काम धरा. एवढा धीर धरलात तर खर्च पाण्यात जाणार नाही. ओल निघालीच, तर जुना कोबा काढून, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून नवा कोबा करणे हाच पक्का उपाय. नव्या कोब्याला पाणी मारून किमान 28 दिवस जाऊ द्यावे आणि मग पुन्हा हीच परीक्षा करावी. 28 दिवस ही कमीत कमी मुदत आहे. जाड कोब्याला सुकायला जास्त दिवस लागतात.

किती माल लागेल?

दुकानदार सांगेल तेवढा माल उचलू नका, हिशेब आपणच करा. ज्यात पातळ करायचे द्रव्य नाही असा 1 लिटर इपॉक्सी 10 चौरस मीटर जागेवर सारखा पसरला, तर त्याचा थर 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, होतो.

समजा, आपली खोली 12 फूट लांब आणि 10 फूट रुंद आहे. जमीन झाली 120 चौरस फूट. लेप भिंतीवर चार इंच वर न्यायचा, म्हणजे कोपऱ्यात पाणी मुरत नाही. त्याचे सुमारे 15 चौरस फूट. एकूण 135 चौरस फूट, म्हणजे साडेबारा चौरस मीटर.

प्रायमरचा 100 मायक्रॉनचा एक हात : सव्वा लिटर.
वरच्या लेपाचे 150 मायक्रॉनचे दोन हात : पावणेचार लिटर.
एकूण : 5 लिटर.

खाल्लेला कोबा जास्त माल पितो, म्हणून अर्धा ते एक लिटर जादा धरा. डब्यात पाणी किंवा थिनर मिसळलेला माल असेल, तर तो उडून गेल्यावर थर पातळ उरतो. डब्यावर 'व्हॉल्यूम सॉलिड्स' असा आकडा छापलेला असतो. तो 50 टक्के असेल तर माल दुप्पट लागेल. स्वस्त डबा खरोखर स्वस्त आहे की नाही, हे या आकड्यावरून कळते.

कोबा तयार करणे

सगळ्यात जास्त मेहनत इथे आहे. लेप कसा बसेल हे या कामावरच ठरते.

पहिले काम, धुणे. दुधाचे तूप आणि साबणाचे थर कोब्यात बसलेले असतात. धुण्याची पावडर गरम पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. मग पाण्याचे थेंब शिंपडून पाहा. थेंब मुरला तर ठीक. कमळाच्या पानावरच्यासारखा उभा राहिला तर तेलकटपणा शिल्लक आहे, पुन्हा घासा.

दुसरे काम, घोटाई काढणे. घोटलेल्या गुळगुळीत सिमेंटवर इपॉक्सी धरत नाही. तो थर वरून छान दिसतो, पण कमकुवत असतो. लेप त्याला चिकटतो आणि त्याच्यासकट सुटतो. गावातल्या फरशी मिस्त्रीकडे हातातला ग्राइंडर असतो. त्याला काँक्रीट घासायची डायमंडची वाटी लावून सगळी जमीन घासून घ्या. हाताला बारीक पॉलिश कागदासारखी खरखर लागली पाहिजे. ही धूळ छातीला फार वाईट. नुसता रुमाल बांधून भागत नाही. धुळीचा चांगला मास्क आणि चष्मा लावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवा, पोराबाळांना लांब पाठवा.

काही जण संडास धुण्याच्या अ‍ॅसिडने कोबा खरखरीत करतात. आमचा सल्ला आहे की बंद खोलीत हा उद्योग करू नका. त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला झोंबते, अ‍ॅसिड कोब्यात राहिले तर लेप सुटतो, आणि भिजलेली जमीन पुन्हा वाळवत बसावे लागते.

तिसरे काम, उतार आणि खळगे. पाणी मोरीकडे वाहिले पाहिजे. दर पाच फुटाला एक इंच उतार पुरतो. इपॉक्सी उतार देत नाही, म्हणून उतार चुकला असेल तर तो आधी सिमेंटने दुरुस्त करा आणि पुन्हा 28 दिवस थांबा. लहान खळगे आणि मेलेले तडे इपॉक्सीच्या पुट्टीने भरा आणि कडक झाल्यावर घासून सपाट करा.

शेवटी झाडून, पुसून, धूळ पूर्ण काढा आणि जमीन खडखडीत वाळू द्या.

हंगाम आणि वेळ

पावसाळ्यात हे काम करू नये. दमट हवेत लेपावर चिकट, पांढुरकी साय धरते. थंडीतल्या पहाटेही करू नये, जमिनीवर दव असते. फेब्रुवारी-मार्च हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये चालते, पण माल डब्यात लवकर कडक होतो.

काम दुपार कलल्यावर सुरू करा. सकाळी जमीन तापत जाते, कोब्यातली हवा फुगून वर येते आणि ओल्या लेपात बुडबुडे उठतात. संध्याकाळी जमीन निवत जाते, तेव्हा हा त्रास कमी होतो.

कालवणे आणि पसरणे

या कामाला दोन माणसे हवीत. एकाने कालवायचे, दुसऱ्याने पसरायचे.

राळ आधी तिच्या डब्यात ढवळून घ्या, तळाशी रंग बसलेला असतो. मग हार्डनर पूर्ण ओता. डब्यावर दिलेले प्रमाण पाळा. "थोडं जास्त घातलं तर लवकर वाळेल" हा हिशेब इथे चालत नाही. जास्त हार्डनरने लेप चिकट राहतो किंवा कच्चा होतो. अर्धाच माल करायचा असेल तर तराजूने किंवा मापाने मोजून घ्या, अंदाजाने नको.

हळू फिरणाऱ्या ड्रिलला पाते लावून किंवा सपाट काठीने तीन मिनिटे कालवा. डब्याच्या कडा आणि तळ खरवडून घ्या. मग सगळे मिश्रण दुसऱ्या स्वच्छ डब्यात ओतून पुन्हा मिनिटभर कालवा. पहिल्या डब्याच्या कडेला न मिसळलेली राळ राहते. ती जमिनीवर आली की तिथला डाग महिनाभरही चिकट राहतो. त्याच कारणाने रिकामा डबा जमिनीवर पालथा घालून निथळत ठेवू नका.

मिश्रण तयार झाले की घड्याळ पाहा. साधारणपणे 20 ते 40 मिनिटांत ते वापरून संपले पाहिजे. नक्की वेळ डब्यावर असते, आणि ऊन जास्त असेल तर ती आणखी कमी होते. डब्यात ढीग राहिला की आतली उष्णता वाढते, डबा हाताला चटके देतो, कधी धूरही निघतो. म्हणून मिश्रण लगेच जमिनीवर पट्ट्यापट्ट्याने ओता. डबा तापलाच तर उघड्यावर मातीत नेऊन ठेवा, आत तोंड घालून पाहू नका.

आधी कडा आणि कोपरे ब्रशने घ्या. मग आतल्या भिंतीपासून सुरुवात करून रोलरने दाराकडे मागे मागे या. दाराकडून सुरुवात केली तर आतच अडकाल!

पहिला हात प्रायमरचा. कोब्याने तो पिऊन घेतला आणि कुठे जमीन कोरडी दिसली, तर तिथे पुन्हा फिरवा. दुसऱ्या दिवशी वरच्या लेपाचा पहिला हात, तिसऱ्या दिवशी दुसरा. दोन हातांत डब्यावर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ गेला तर वरचा हात खालच्याला धरत नाही. तसे झाल्यास पॉलिश कागदाने घासून, पुसून मगच पुढचा हात द्या. चिकट साय धरली असेल तर कोमट पाण्याने धुऊन, वाळवून पुढे जा.

दूधखोलीत पाणी सांडणारच. म्हणून वरच्या लेपाचा पहिला हात ओला असतानाच त्यावर धुतलेली, वाळवलेली, चाळलेली पांढरी बारीक वाळू सारखी भुरभुरा. कडक झाल्यावर सुटी वाळू झाडून घ्या आणि त्यावर शेवटचा हात द्या. पाय घसरत नाही. भरलेला 40 लिटरचा कॅन उचलताना पाय घसरला तर काय होते, हे सांगायला नको.

आधी कोपऱ्यात नमुना करा

पहिल्यांदाच करत असाल, तर कॅनमागच्या कोपऱ्यात दोन फूट लांब-रुंद जागेवर आधी करून पाहा. आठ दिवसांनी चाकूच्या टोकाने खरवडा. पापुद्रा निघाला आणि त्याच्या पाठीला सिमेंटची पूड चिकटलेली दिसली, तर घासाई कमी झाली आहे. लेप जागचा हलला नाही, तर बिनघोर पुढे जा.

हाताला जपा

हे नीट वाचा. कच्ची राळ आणि हार्डनर अंगाला लागले तर काहींना खाज आणि पुरळ उठते. एकदा का अंगाने असे धरले, की ते जन्मभर राहते. पुढे थोडासा इपॉक्सी लागला तरी पुन्हा उठते. म्हणून नायट्राइल रबराचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि चष्मा वापरा. हातावर पडले तर लगेच पुसून साबण-पाण्याने धुवा. थिनर किंवा रॉकेलने हात धुऊ नका, त्याने ते कातडीत जास्त मुरते. डोळ्यात गेले तर 15 मिनिटे पाण्याची धार धरा आणि डॉक्टरकडे जा. काम चालू असताना विडी-सिगारेट नको, जवळ चूल नको.

आणि एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगा. रिकामे झालेले डबे दिसायला मजबूत असतात, पण त्यात पाणी, धान्य, पेंड, दूध काहीही ठेवायचे नाही. जनावराला पाणी पाजायलाही नाही. डब्याला तळाला भोक पाडून ठेवा, म्हणजे मोह होणार नाही. उरलेली राळ आणि हार्डनर विहिरीजवळ, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नका. थोडे थोडे कालवून कडक होऊ द्या.

किती दिवस थांबायचे?

24 तासांनी अनवाणी चालता येईल. तिसऱ्या दिवसानंतर रिकामे कॅन ठेवा. पाणी, साबण आणि दूध मात्र पूर्ण 7 दिवस लागू देऊ नका. घासाईपासून धरले तर दूधखोली दहा-बारा दिवस बंद राहील. तेवढे दिवस कॅन कुठे ठेवायचे, हे काम काढण्यापूर्वीच ठरवा. लेपाचा वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत दूध ठेवू नका. दूध वास पटकन ओढून घेते.

नंतरची निगा

रोज आधी गार पाण्याने, मग साबणाने धुवा. उकळते पाणी थेट जमिनीवर ओतू नका, फार उष्णतेने लेप मऊ पडतो. कॅन गरम पाण्याने धुतलात तर पाणी मोरीत सोडा. कॅन फरफटत ओढू नका. ठेवायच्या जागी रबराची पट्टी टाका. कुठे टवका उडाला तर तेवढी जागा घासून, वाळवून लगेच लेप लावा. एका रुपयाएवढ्या भोकातून आम्ल आत शिरते आणि लेपाच्या खालून कोबा खात जाते.

थोडक्यात सांगायचे तर, ओल तपासा, घोटाई काढा, प्रमाण मोडू नका, हात सांभाळा आणि सात दिवस धीर धरा. ओल निघाली तर लेपाचा बेत सोडून द्या आणि तोच पैसा नव्या कोब्याला लावा. आपल्या कामात काही अडचण आली तर खोलीची लांबी-रुंदी, कोबा किती वर्षांचा आहे आणि प्लॅस्टिकच्या परीक्षेत काय दिसले, एवढे लिहून कार्यक्रमाकडे पत्र टाका. म्हणजे उत्तर नेमके देता येईल.

नमस्कार.